एकाच बोकड्याची (मिरचीची पाने वळण्याची) दोन कारणे: नागपूरच्या गच्चीवर बियापासून मिरची

पार्श्वभूमी

दक्षिण नागपुरातले दुमजली घर. गच्ची पश्चिमेला पूर्ण उघडी, पूर्वेला शेजारच्या इमारतीची सावली सकाळी नऊपर्यंत. घरात पाच माणसे. फोडणी, ठेचा, पोह्यांसोबत तळलेली, असे सगळे धरून आठवड्याला साधारण पाव किलो हिरवी मिरची लागते. आदल्या वर्षी रोपवाटिकेतून आणलेली बारा रोपे दीड महिन्यात आकसून गेली होती. रोग रोपांसोबतच आला असा घरच्या काकूंचा समज झाला, आणि यंदा बियापासूनच सुरुवात करायची असे ठरले. समज निम्मा बरोबर होता. रोपवाटिकेत दाटीने वाढवलेल्या रोपांवर फुलकिडे आणि पांढरी माशी अनेकदा आधीच असतात. पण बियापासून वाढवलेले रोप गच्चीवर सुरक्षित राहते असे मुळीच नाही.

बी दोन प्रकारचे घेतले. हिरवी खुडण्यासाठी ज्वाला या वाणाचे पाकीट, आणि लाल वाळवण्यासाठी वर्षाच्या तिखटाला आणलेल्या भिवापुरी मिरच्यांतले बी. भिवापूर नागपूर जिल्ह्यातलेच आणि तिथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे हा आग्रह समजण्यासारखा आहे. स्वयंपाकघरातल्या वाळल्या मिरचीचे बी उगवते, पण ती मिरची उन्हात वाळलेली, त्याच हंगामातली आणि पूर्ण लाल पिकून तोडलेली असावी लागते. भाजलेली, देठाकडे काळपट पडलेली किंवा दोन वर्षे डब्यात राहिलेली मिरची बियासाठी घेऊ नये. तिखटासाठी आणलेल्या ढिगात वाणांची सरमिसळ असते, हाही धोका राहतोच.

५० खणांच्या ट्रेमध्ये २५ बिया ज्वालाच्या आणि २५ भिवापुरीच्या, अर्धा सेंटिमीटर खोल, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळ खताच्या २:१ मिश्रणात २६ डिसेंबरला पेरल्या. वर पारदर्शक प्लास्टिक ताणले आणि ट्रे गच्चीवर उन्हात ठेवला. उन्हाळ्याआधी झाडे मोठी व्हावीत असा हिशेब होता.

पहिली अडचण: बी उगवेना

संक्रांतीपर्यंत ५० पैकी ४ कोंब दिसले. घरात निष्कर्ष निघाला की बी खराब आहे, आणि दुसरे पाकीट आणायची तयारी झाली.

ट्रेमध्ये साधा तापमापक खुपसल्यावर चित्र बदलले. पहाटे ११ अंश, दुपारी दोनला २७. मिरचीच्या बियाला सलग २५ ते ३० अंश लागतात. तेवढे मिळाले तर आठ-दहा दिवसांत कोंब येतो. १५ च्या खाली बी जवळपास थांबून राहते. नागपूरची जानेवारीतली दुपार माणसाला उबदार वाटते, पण ऊब चार-पाच तासच टिकते. शिवाय ओले कोकोपीट बाष्पीभवनामुळे हवेपेक्षा थंड राहते.

समोर तीन पर्याय होते: नवे बी आणून त्याच जागी पेरणे, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत थांबणे, किंवा आहे तोच ट्रे उबेत नेणे. पहिला पर्याय सर्वांत सोपा वाटतो आणि तोच सर्वांत निरुपयोगी, कारण नवे बीही त्याच थंडीत बसले असते. निवड करण्याआधी दहा खण उकरून बी नखाने दाबून पाहिले. टणक आणि फिकट पिवळे बी बहुधा जिवंत असते. तपकिरी, मऊ, दाबल्यावर पाणी सुटणारे बी कुजलेले. दहापैकी सात टणक निघाले. कुजलेली तिन्ही भिवापुरीची होती.

म्हणजे बी ठीक होते, जागा चुकली होती. सात बिया परत पुरल्या आणि ट्रे इन्व्हर्टरच्या वरच्या फळीवर गेला. तिथे दिवसरात्र २६ ते २९ अंश मिळाले. नऊ दिवसांत आणखी २४ कोंब आले. एकूण २८: ज्वालाचे १८, भिवापुरीचे १०.

पेरणीआधी एक चाचणी केली असती तर तीन आठवडे वाचले असते. ओल्या टिश्यू पेपरवर दहा बिया, झाकणाचा डबा, उबदार जागा. दहा-बारा दिवसांत किती बिया फुटतात ते कळते, म्हणजे बियाचा दोष आणि जागेचा दोष वेगळे करता येतात. पाण्यात तरंगणारे बी फेकायचे ही पद्धत मिरचीला लावू नये. मिरचीचे चांगले बीही हलके असते आणि कितीतरी वेळ तरंगते.

दुसरी अडचण: रोपे आडवी पडली

कोंब दिसल्यावरही प्लास्टिक तसेच राहिले. फळीवर उजेड कमी होता, त्यामुळे रोपे लांबुडकी झाली. रोज संध्याकाळी वरून पाणी. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तीन दिवसांत ११ रोपे मातीलगत आडवी झाली. पाने हिरवी, पण मानेजवळ खोड दोऱ्यासारखे बारीक आणि पाणचट. हा रोपमर रोग. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरश्या तो आणतात. वरचा थर सतत ओला, हवा कोंडलेली, रोप अशक्त: बुरशीला याहून वेगळे काही लागत नाही.

पडलेली रोपे वाचत नाहीत, त्यामुळे प्रश्न उरलेल्या १७ चा होता. पडलेले खण मातीसकट काढून टाकले, प्लास्टिक कायमचे हटवले, ट्रे पूर्वेच्या खिडकीत आणला आणि दुपारी दोन तास गच्चीच्या सावलीत ठेवू लागले. वरून पाणी बंद. परातीत बोटभर पाणी घेऊन त्यात ट्रे पंधरा मिनिटे ठेवून उचलायचा, तेही सकाळीच. मातीवर चाळलेल्या कोरड्या रेतीचा पातळ थर दिला, म्हणजे मान कोरडी राहते. कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची लिटरला अडीच ग्रॅमप्रमाणे एकदा आळवणी केली, म्हणजे द्रावण मुळाशी ओतले. पुढे एकही रोप पडले नाही. श्रेय औषधाला द्यायचे की कोरड्या मानेला, हे एकत्र केलेल्या उपायांतून सांगता येत नाही. पण झाकण आणि संध्याकाळचे पाणी चालू ठेवून नुसती आळवणी केली असती तर रोग परत आला असता, एवढे नक्की.

इथली चूक नेमकी होती. झाकण कोंब येईपर्यंतच उपयोगी. पहिला कोंब दिसला की ते उघडायचे, सगळे बी उगवण्याची वाट पाहायची नाही.

कुंड्या

चार पाने आल्यावर रोपे चार इंची पिशव्यांत आणि मार्चच्या मध्याला बारा इंची, सुमारे १५ लिटरच्या कुंड्यांत गेली. दोन शेजारी दिली, पंधरा राहिली: ज्वालाची अकरा, भिवापुरीची चार. घरात आधीपासून निव्वळ काळ्या मातीच्या कुंड्या होत्या. काळी माती शेतात सोने असली तरी कुंडीत पाणी धरून बसते आणि वाळली की भेगाळून कडेने सुटते. मग पाणी भेगेतून थेट तळाला जाते. म्हणून काळी माती चार भाग, कुजलेले शेणखत तीन, कोकोपीट दोन, कन्हान नदीची जाड रेती एक, असे मिश्रण केले. कुंडीला ५० ग्रॅम निंबोळी पेंड आणि ओल्या शेणखतात आठवडाभर मुरवलेली ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी १० ग्रॅम. रोप पिशवीत होते तेवढ्याच खोलीवर लावले. टोमॅटोसारखे खोड पुरण्याची गरज मिरचीला नाही.

तिसरी अडचण: एप्रिलचा बोकड्या

एप्रिलच्या सुरुवातीला नव्या पानांच्या कडा वर वळल्या, पान होडीसारखे झाले. विदर्भात याला बोकड्या म्हणतात, पुस्तकात चुरडामुरडा. नावाची गंमत अशी की ते फक्त लक्षण सांगते, कारण सांगत नाही, आणि दुकानात नाव घेतले की एकच बाटली पुढे येते. "काकू, बोकड्या आहे ना, हे मारा." बाटली इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाची होती.

फवारणीआधी पांढऱ्या कागदावर शेंडा झटकून पाहिला. पिवळसर, बारीक, टाचणीच्या टोकाएवढे लांबट किडे पळताना दिसले. हे फुलकिडे. ते पान खरवडून रस शोषतात आणि पान वर वळते. कोरड्या, तापत्या हवेत त्यांची संख्या झपाट्याने वाढते. म्हणजे या वेळी औषध बरोबर होते, पण त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा होता: मिरची केव्हा खायची आहे? या औषधाचा मिरचीवरचा फवारणी-ते-काढणी प्रतीक्षा काळ महिन्याहून मोठा आहे, लेबलवर तो छापलेला असतो. झाडांवर अजून फळ नव्हते, म्हणून एकदा फवारणी केली, लिटरला ०.३ मिलि, सूर्य मावळल्यावर. सोबत निळे चिकट सापळे, दर चार-पाच कुंड्यांमागे एक. पांढऱ्या माशीसाठी पिवळे सापळे असतात. दोन आठवड्यांत नवी पाने सरळ आली.

पंधरापैकी दोन झाडांची मात्र आली नाहीत. पाने मुगाच्या डाळीएवढी, शिरा पिवळट, शेंडा गुच्छासारखा. हा पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू, त्यावर औषध नाही. ओळखण्याची कसोटी साधी: किडीचा बंदोबस्त केल्यावर येणारे नवे पानही तसेच असेल तर झाड उपटायचे. काकूंनी ती दोन झाडे जूनपर्यंत ठेवली. "पावसात सुधारेल" ही आशा प्रत्येक गच्चीवर असते. तेवढे दिवस ती बाकीच्यांसाठी विषाणूचा साठा होऊन उभी होती.

मे महिना: फुलगळ, कोमेजणे आणि कुलर

नागपुरात मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो, तापलेल्या स्लॅबवर त्याहून जास्त. मिरचीचे परागकण ३५ च्या वर नीट काम करत नाहीत, रात्रही गरम असली की फूल देठासह गळते. झाडावर आलेले प्रत्येक फूल मेमध्ये पडत होते. घरात दोन सूचना आल्या: युरिया द्यावा, किंवा फुले टिकवणारे संजीवक फवारावे. दोन्ही टाळायला हव्या होत्या. युरिया मात्र दोनदा, चिमूटभर, दिला गेला. परिणाम म्हणून लुसलुशीत फूट आली आणि पहिल्याच झळीत ती करपली. मेमध्ये मिरचीकडून फळ मागायचेच नाही, झाड जगवायचे.

२० मेला, नवतपा (मेअखेरचे नऊ तापते दिवस) सुरू होण्याआधी, ५० टक्के सावलीची हिरवी जाळी सात फुटांवर बांधली, पश्चिम बाजूने खालपर्यंत सोडली. कुंड्या विटांवर उचलल्या, मातीवर वाळल्या पानांचे दोन इंची आच्छादन दिले. झाडे वरून एक तृतीयांश छाटली. हे काम महिनाभर आधी व्हायला हवे होते.

या काळात तीन झाडे, तिन्ही ज्वालाची, गेली. आणि ती तहानेने गेली नाहीत. दुपारी अडीचला पाने लोंबलेली दिसली की बादलीभर पाणी घातले जात होते. ४४ अंशांत मुळे पुरवतात त्यापेक्षा पानांतून पाणी वेगाने उडते, म्हणून माती ओली असतानाही पान लोंबते. ते सायंकाळी सातनंतर आपोआप उभे राहिले तर झाडाला काहीही झालेले नाही. सायंकाळीही लोंबलेले असेल तरच बोट दोन पेरे मातीत घालून पाहायचे. गरम, चिंब मातीत मुळे गुदमरून कुजतात, मग पान पाण्याअभावी लोंबते आणि माणूस आणखी पाणी घालतो.

आणखी एक प्रकार फक्त पाच कुंड्यांत दिसला. जुन्या पानांच्या कडा तपकिरी, कागदासारख्या, मातीवर पांढरी पापुद्री. या पाच कुंड्या कुलरच्या बाजूला होत्या आणि टाकी उपसून निघणारे पाणी यांनाच मिळत होते. "पाणी वाया कशाला घालवायचे" हा विचार चुकीचा नाही, पण कुलरच्या टाकीत फक्त पाणी उडते, क्षार तिथेच राहतात. रोज भर घालत आठवडाभर चाललेल्या टाकीतले पाणी मूळच्या बोअरच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारे असते, आणि मिरचीला क्षार फारसे सोसत नाहीत. उपाय एकच, गोड्या पाण्याने माती धुणे. १५ लिटरच्या कुंडीला ३० लिटर, सावकाश, तळातून वाहून जाईपर्यंत. पाच कुंड्यांना १५० लिटर. मेमध्ये नळाचे एवढे पाणी काढायचे का यावर घरात चांगलाच खल झाला. शेवटी एका सकाळी दोन कुंड्या धुतल्या, बाकी तीन पहिल्या पावसावर सोडल्या. धुतलेल्या दोन कुंड्यांत दहा दिवसांत स्वच्छ पान आले. उरलेल्या तीन जगल्या, पण जूनच्या शेवटापर्यंत वाढल्या नाहीत.

ऑगस्ट: तोच बोकड्या, उलटा

मृगानंतर छाटलेली झाडे फुटली. विषाणूची दोन झाडे, एक ज्वालाचे आणि एक भिवापुरीचे, काढल्यावर दहा उरली. दर पंधरवड्याला कुंडीला दोन मुठी गांडूळ खत आणि १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान) हे विद्राव्य खत लिटरला दोन ग्रॅम. जुलैच्या शेवटी पहिली तोडणी झाली.

ऑगस्टच्या दमट आठवड्यात पाने पुन्हा वळली. घरात नाव तेच आले, बोकड्या, आणि कपाटात बाटली तयार होती. फवारणी झाली. आठ दिवसांत फरक नाही, उलट चार झाडांचे शेंडे अधिक आवळले. शिवाय प्रतीक्षा काळामुळे तोडणी सव्वा महिना बंद.

या संपूर्ण वर्षातला सर्वांत महागडा निर्णय हाच. पान एकदा हातात घेऊन पाहिले असते तर पुरे होते. एप्रिलमध्ये कडा वर वळल्या होत्या, ऑगस्टमध्ये त्या खाली वळल्या. पान उलट्या वाटीसारखे, लांबट, देठ ताणलेला, मागची बाजू तांबूस आणि तकतकीत. कागदावर झटकल्यावर काहीच पडले नाही, कारण पांढरा कोळी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, दहा पट भिंगाखाली पानामागे दिसतो. कोळी कीटक नाही, अष्टपाद आहे. इमिडाक्लोप्रिडचा त्याच्यावर परिणाम होत नाही, आणि त्याला खाणारे मित्रकीटक मेले तर तो वाढतोच.

पर्याय होते कोळीनाशक रसायन, पाण्यात मिसळणारे गंधक किंवा कडुनिंबाचे तेल. खायच्या झाडावर, घरच्या गच्चीवर, गंधक निवडले: ८० टक्क्यांचे, लिटरला दोन ग्रॅम, सकाळी सातला, पानाच्या मागून. त्याआधी आवळलेले शेंडे दोन बोटे खालून कापून पिशवीत बंद करून टाकले. आठ दिवसांनी दुसरी फवारणी. पारा ३२च्या आत होता म्हणून हे चालले. हाच उपाय एप्रिलमध्ये केला असता तर पाने भाजली असती. गंधक आणि तेलाची फवारणी यांत किमान दोन आठवड्यांचे अंतर ठेवावे लागते, नाहीतर तोच परिणाम होतो. पोळ्याच्या सुमारास नवी पाने रुंद आणि सरळ आली.

निष्पत्ती

५० बियांतून दहा झाडे फळापर्यंत पोचली: सात ज्वालाची, तीन भिवापुरीची. सव्वा महिना सोडला तर जुलैअखेर ते जानेवारी या काळात ज्वालाची सुमारे चार किलो हिरवी मिरची मिळाली. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आठवड्याची पाव किलोची गरज भागली, बाकी वेळ भाजीवाल्यावरच भिस्त. भिवापुरीची लाल मिरची सव्वा किलो, वाळून पाव किलोच्या आत. मोठ्या कुटुंबाच्या वर्षाच्या तिखटापुढे हे काहीच नाही. गच्चीवर लाल मिरची हौसेसाठी करावी, हिरवी गरजेसाठी. तीन भिवापुरी झाडांपैकी एकाची फळे आखूड आणि जाड आली, म्हणजे ढिगातली सरमिसळ खरी ठरली.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत मोठा बदल तारखेचा. डिसेंबरअखेरची पेरणी बियाला थंडीत ढकलते आणि कोवळ्या झाडाला थेट एप्रिलच्या तोंडी देते. नागपूरच्या गच्चीसाठी ऑगस्टचा दुसरा पंधरवडा सर्वांत सोपा: बियाला ऊब आयती, सप्टेंबरअखेर मोठ्या कुंडीत, थंडी पडण्याआधी झाड उभे, आणि डिसेंबर ते मार्च फळ. थंडीत वाढ मंदावते, पण मेसारखी फुलगळ होत नाही. दुसरी वेळ मेअखेर, सावलीत पेरून जुलैत लावणे. यात पावसातली मर आणि कोळी यांच्यावर लक्ष ठेवावे लागते. जानेवारीतच पेरायचे असेल तर ट्रे घरात, उबेत, आणि मेमध्ये जाळी बांधायची तयारी आधीपासून.

औषधाच्या बाबतीत क्रम उलटा हवा होता. पान वर वळले की खाली, कागदावर काही पडले का, भिंगातून मागे काय दिसते, नवे पान कसे येते. ही चार उत्तरे मिळाल्यावर दुकान. दहा पटीचे भिंग कीटकनाशकाच्या बाटलीपेक्षा स्वस्त मिळते.

बी राखताना काकूंनी या वेळी फुलण्याआधीच एका निरोगी, खऱ्या भिवापुरी झाडाच्या दोन फांद्यांवर मलमलीची पिशवी बांधली. मिरची बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळते, पण मधमाश्या शेजारच्या ज्वालाचा पराग आणू शकतात. फळ धरल्यावर पिशवी काढली, फळाला दोरा बांधला, पूर्ण लाल झाल्यावर तोडले, बी सावलीत दहा दिवस वाळवून कागदी पाकिटात, तारीख लिहून, हवाबंद डब्यात ठेवले. पुढची पेरणी पोळ्याआधी आहे. कुलरशेजारच्या पाच विटा रिकाम्या ठेवल्या आहेत आणि टाकीचे पाणी आता अंगणात जाते.